खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने लावताय? पहिले चार महिने असे काढा

माझ्या पहिल्या खाऱ्या टाकीत मी नवव्या दिवशी मासे सोडले. दुकानात बॅक्टेरियाची बाटली मिळाली होती, सांगितलं होतं की रात्री ओता आणि सकाळी मासे टाका, पाणी एकदम काचेसारखं दिसत होतं आणि मलाही घाई झाली होती, म्हणून तीन डॅमसेल आणि एक क्लाऊनफिश घेऊन आलो. चौथ्या दिवशी सकाळी क्लाऊन तळाशी आडवा पडला होता, कल्ले जोरजोरात हलत होते, आणि रात्रीपर्यंत चारातला एकच डॅमसेल उरला. अमोनियाची टेस्ट किट माझ्याकडे नव्हतीच, ती मी त्या संध्याकाळी धावत जाऊन आणली. तो क्लाऊन अजून आठवतो मला, आणि हा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे असं समजा.

नवीन माणसाला सगळे सांगतात की पेशन्स ठेवा. पण थांबायचं म्हणजे नक्की किती, कशासाठी, आणि तोवर करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून माणूस कंटाळतो आणि दुकानात जातो. खरं तर प्रत्येक आठवड्याला भरपूर काम असतं, फक्त त्यात मासे आणायचं काम नसतं. माझी आत्ताची टाकी २०० लिटरची आहे, डोंबिवलीत, हॉलमध्ये, तेव्हा उदाहरणं तिथलीच देतोय, तुमच्या गावाप्रमाणे थोडा फरक करून घ्या.

आधी जागा

टाकी निदान १५०-२०० लिटरची घ्या. लहान टाकी सोपी वाटते पण उलटं असतं, पाणी कमी म्हणजे एक मासा मेला किंवा दोन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) राहिला की सगळे आकडे हलतात. २०० लिटर खारं पाणी म्हणजे २०५ किलो, वर काच, दगड, वाळू, स्टँड, सगळं मिळून पावणेतीनशे-तीनशे किलोच्या घरात जातं, म्हणून बीमजवळच्या भिंतीला लागून ठेवा आणि खिडकीच्या थेट उन्हात नको. प्लगच्या वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली जमिनीवर पडेल. खारं पाणी आणि वीज यांच्यात अजिबात हयगय नको. भरायच्या आधी साध्या पाण्याने दोन दिवस भरून ठेवा, गळती आत्ता दिसली तर फक्त फरशी पुसायची आहे.

पाणी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. नळाचं पाणी नको, टँकरचं किंवा बोअरचं तर मुळीच नको. घरच्या किचनमधला आरओ पण चालत नाही, कारण त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं, आणि हल्लीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तब्येतीसाठी म्हणून तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. माणसाला ते ठीक आहे, पण कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना तांबं म्हणजे विष, अगदी थोडं असलं तरी. आपल्याला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) लावलेलं पाणी लागतं, मीटरवर टीडीएस शून्य दिसला पाहिजे. छोटं युनिट मिळतं ते घ्या, किंवा सुरुवातीला कॅन भरून आणा, पण घरी आणल्यावर मीटर लावून बघाच.

आणि बरेच जण विचारतात, आपल्याकडे एवढा समुद्र आहे तर जुहूहून किंवा गिरगावहून पाणी का आणायचं नाही. किनाऱ्याजवळ सांडपाणी असतं, तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा कुठल्या कुठे खाली जातो. पॅकेटमधलं रीफ सॉल्टच (खाऱ्या टाकीसाठी बनवलेलं मीठ) घ्या, दर वेळी सारखं पाणी बनतं.

खारं पाणी बनवताना आधी पाणी, मग त्यात हळूहळू मीठ, उलटं केलं तर कॅल्शियमचा साका बसतो आणि पाणी दुधाळ होतं. लिटरला साधारण ३६-३८ ग्रॅम धरा, ड्रममध्ये एक पंप टाकून रात्रभर फिरू द्या, दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं साधन) मोजा. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) किंवा १.०२५ ते १.०२६ ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या स्टँडर्ड सोल्यूशनने कॅलिब्रेट करा, फक्त साध्या पाण्यावर शून्य करून मीटर बरोबर आहे असं धरू नका. हे सगळं वाचायला किचकट वाटतं पण दोन-तीनदा केलं की हातात बसतं.

दगड

ड्राय रॉक घ्या, म्हणजे सुकलेला, सच्छिद्र, जिवंत काही नसलेला दगड. २०० लिटरला १५ ते २० किलो पुरे होतो. वाळू टाकायच्या आधी दगड थेट तळावर टेकवून पक्के करा, नंतर एखादा मासा खालची वाळू उकरतो आणि दगड काचेवर येतो. मागून पाणी फिरेल एवढी मोकळी जागा ठेवा. या रचनेवर एक आख्खा रविवार घालवा, जमलं तर दोन, कारण पुढची पाच वर्षं तुम्ही तेच बघणार आहात आणि पाणी भरल्यावर बदलायला जीव जातो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात की तिथून दगड, कोरलचे तुकडे काही उचलून आणू नका. सगळे कठीण प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोणी स्वस्तात देतोय म्हणून पण घेऊ नका.

सायकल, म्हणजे खरं थांबणं

माशाचं मलमूत्र, उरलेलं खाणं, सगळं कुजून अमोनिया होतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. ही साखळी, म्हणजेच सायकल, दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. का एवढे? कारण हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. आपल्या पोटातला ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना त्यासाठी अर्धा-एक दिवस लागतो. त्यांना घाई करता येत नाही, आपल्याला कितीही वाटलं तरी.

माझी आई म्हणते विरजण लावलेलं भांडं सारखं उघडून हलवून बघायचं नसतं, दही मोडतं. मे महिन्यात चार तासात लागतं, डिसेंबरात दुपार होते, पण लागतं. बाटलीतले बॅक्टेरिया म्हणजे ते विरजण आहे, त्याने सुरुवात लवकर होते, पण चमचाभर विरजण म्हणजे दही नव्हे, आणि माझी पहिली चूक नेमकी तीच होती.

खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त भयंकर का ते पण समजून घ्या, कारण गोड्या पाण्याचे मासे पाळलेले लोक इथे फसतात. पीएच ७ ला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो माशाला फारसा त्रास देत नाही. आपली टाकी ८.१ ते ८.३ ला असते, तिथे विषारी रूपाचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत जे खपून गेलं ते इथे खपत नाही.

आता करायचं काय. बॅक्टेरियांना खायला द्यायला अमोनिया लागतो. काही जण बाजारातून एक कोळंबी आणून जाळीच्या पिशवीत टाकतात, चालतं, पण वास येतो आणि किती अमोनिया झाला ते आपल्या हातात राहत नाही. मी अमोनियम क्लोराइड वापरतो. हे म्हणजे आपला नवसागरच, कल्हईवाले वापरतात तो, पण दुकानातला नवसागर शुद्ध नसतो, लॅब ग्रेडचा घ्या. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास येतो. छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, चमच्याने अंदाज करू नका. सोबत बाटलीतले बॅक्टेरिया टाका, पंप आणि वेवमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंप) चालू, मोठे लाइट बंद. लाइट लावायचा मोह होतो, रिकामी टाकी पण सुंदर दिसते, पण आत्ता लाइट म्हणजे फक्त शेवाळाला आमंत्रण.

एक वही करा. तारीख, तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट. आठवड्यातून दोनदा टेस्ट पुरे, रोज नको. पहिले आठ-दहा दिवस काहीच हलत नाही, तेव्हा जीव वर-खाली होतो आणि माणूस अजून एक बाटली ओततो. नका ओतू. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट वर चढतं, आणि ते बरेच दिवस वरच राहतं, माझ्याकडे ते १७ दिवस हललं नव्हतं. या काळात नायट्रेटची टेस्ट करून काही उपयोग नाही, नायट्राइट असलं की ती किट उगाच जास्त आकडा दाखवते. अमोनिया शून्यावर आला की अर्धा डोस परत द्या. एक दिवस असा येतो की रात्री २ पीपीएम टाकलं आणि दुसऱ्या रात्री अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. हे लागोपाठ दोनदा झालं की सायकल पूर्ण. मग अर्धं पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

डॅमसेल टाकून सायकल करा असा सल्ला अजूनही मिळतो. तो मासा चिवट असतो म्हणून जगतो, पण कल्ले जळत जगतो, आणि पुढे टाकीचा दादा होऊन नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मारतो. डबीतला नवसागर असताना जिवंत माशाला या कामाला लावायची काहीच गरज नाही.

सायकल झाली, तरी मासा लगेच मोठ्या टाकीत नाही

इथे बरेच जण चिडतात, मला माहितीय. सायकल चालू असताना एक स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत टाकून ठेवा, त्यावर पण बॅक्टेरिया बसतात. सायकल झाली की तो उचलून ४०-५० लिटरच्या साध्या टाकीत लावा, वाळू नको, दगड नको, लपायला दोन पीव्हीसीचे पाइप. ही क्वारंटाइन टाकी. पहिला मासा इथे चार ते सहा आठवडे राहणार.

कारण असं की बाजारातून आलेल्या माशावर मरीन इक किंवा वेल्वेट (दोन्ही परजीवींचे आजार) असू शकतो आणि पहिल्या दिवशी दिसत नाही. इकचा परजीवी माशावरून गळून दगड-वाळूत गोळी होऊन बसतो, आणि काही गोळ्या फुटायला कित्येक आठवडे घेतात. एकदा तो मोठ्या टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी रिकामी ठेवावी लागते, हौशी लोकांत ७६ दिवसांचा आकडा धरतात. आणि औषध तांब्याचं, ते दगड असलेल्या टाकीत कधीच टाकता येत नाही. म्हणजे आधी सहा आठवडे थांबा नाहीतर नंतर अकरा आठवडे थांबा, त्यापेक्षा पहिलं बरं. शिवाय छोट्या टाकीत मासा जवळून बघायला मिळतो, काय खातो, कुठे झोपतो, श्वास किती घेतो, ही ओळख पुढे फार उपयोगी पडते.

तोवर मोठ्या टाकीत दर तीन-चार दिवसांनी चिमूटभर खाणं टाकत राहा, नाहीतर एवढे कष्टाने बसवलेले बॅक्टेरिया उपाशी राहतील.

टाकी घाण दिसायला लागेल, दिसू द्या

याच सुमाराला पांढरी वाळू तपकिरी व्हायला लागते. हे डायटम, सिलिकेटवर वाढतात, नवीन दगड-वाळूत ते असतंच, काही आठवड्यांत आपोआप जातात. मग हिरवे केस (केसांसारखं शेवाळ), मग कधीकधी लालसर-जांभळी साय, तिला सायनो म्हणतात. दोन-तीन महिने असे जातात. पाहुणे येतात आणि विचारतात की पाणी बदलत नाही का रे. दगडावर जागा रिकामी आहे आणि जो जीव भराभर वाढतो तो आधी बसतो, सावकाश वाढणारे नंतर येऊन त्याला हटवतात, शेतात नांगरल्यावर आधी तण येतं तसंच.

या वेळी करायचं ते एवढंच: केस हाताने उपटा, आठवड्याला १० टक्के पाणी बदला, वाळूवरची साय पाइपने ओढून घ्या, लाइट सहा तासांच्या वर नको, आणि तीन-चार टर्बो किंवा सेरिथ गोगलगायी आणा, त्यांना खायला शेवाळ दिसायला लागलं की मगच, रिकाम्या टाकीत त्या उपाशी मरतात. शेवाळ मारायची केमिकल नको. आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागू नका, हे मी जोर देऊन सांगतोय, दोन्ही शून्यावर गेले की बऱ्याचदा डायनो येतात, बुडबुडे धरलेली तपकिरी चिकट लाळ, आणि ती घालवायला महिने जातात. नायट्रेट ५-१० पीपीएमच्या आसपास असू दे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे वाट बघा, नाहीतर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

पहिला मासा

ओसेलारिस क्लाऊनची जोडी घ्या, टाकीत जन्मलेली. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ती खाण्यालाही पटकन सरावते आणि आजारही कमी. आपल्याकडे केरळातल्या विळिंजमच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाऊनच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी (माशांचं पैदास केंद्र) झाली, तेव्हा दुकानात विचारा, मासा पैदाशीचा आहे की पकडलेला. दोघे लहानच घ्या, क्लाऊन सगळे नर म्हणून जन्माला येतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, म्हणजे जोडी आपोआप जमते. ॲनिमोन (क्लाऊन ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) लागत नाही त्यांना. ॲनिमोनचा विचार वर्षभराने.

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर पहिल्या फेरीला फक्त बघून या. मासा खातोय का ते दुकानदाराला दाखवायला सांगा, चांगला दुकानदार आनंदाने दाखवतो. पुढच्या रविवारी तोच मासा तिथेच असेल आणि अजून खात असेल, तर घ्या. पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजा, क्वारंटाइनचं पाणी आधीच तेवढं करून ठेवलं तर फार वेळ पिशवीत टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत बसावं लागत नाही. तास-दोन तास लोकलने आलेल्या पिशवीला अर्धा तास पुरतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

जोडी मोठ्या टाकीत गेली की पुढचा मासा महिन्याने, तोही क्वारंटाइनमधून. बॅक्टेरिया आहेत तेवढ्या माशांपुरतेच असतात, माशांबरोबर ते वाढायला वेळ लागतो. मँडरिन मासा बघून सगळ्यांचा जीव जातो, माझाही जातो, पण तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपून जगतो आणि नवीन टाकीत ते नसतात, तो डोळ्यांदेखत वाळत जातो. रात्री टॉर्च मारून काचेवर पांढरे ठिपके पळताना भरपूर दिसायला लागले, वर्ष झालं, मग बघू.

उन्हाळा, लाइट आणि गणपती

पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरायचं ते साधं आरओ-डीआय, खारं नाही. काचेवर मार्करने रेघ मारा. मे महिन्यात पंखा लावला की माझ्याकडे रोज तीन लिटरच्या आसपास जातं, म्हणून शेवटी ऑटो टॉप-अप घेतला. पाण्यावर तिरका लावलेला साधा पंखा तापमान दोन-तीन डिग्री उतरवतो, २६-२७ ला टाकी खूश असते. जून लागला की हवेत ओल असते, पाणी कमी उडतं आणि तोच पंखा कमी काम करतो, हे लक्षात ठेवा, मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. पुण्या-नाशिकला थंडीत हीटर लागतोच.

लाइट गेली तर मासे आधी ऑक्सिजन कमी पडून गुदमरतात, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, इन्व्हर्टरवर निदान वेवमेकर तरी जोडा.

गणपतीला पाच दिवस गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, प्रेमापोटी जास्तच टाकलं जातं आणि टाकी परत पहिल्या आठवड्यात जाते. तब्येतीने चांगले मासे चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतात. टॉप-अपची बादली भरून ठेवा, खाणं अजिबात ठेवू नका, आणि शेजाऱ्यांना फक्त एवढंच सांगा की रोज एकदा येऊन बघायचं, पंपाचा आवाज येतोय ना, पाणी रेघेवर आहे ना, नसेल तर फोन करायचा.